रत्नागिरी दोन तासांत उरकणाऱ्यांना

प्रति,
मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर इथून ‘कोकण दर्शन’ सहली आखणाऱ्या आणि नेणाऱ्या सर्व मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या सहलींची पत्रकं माझ्याकडे बऱ्यापैकी साठली आहेत. पाहुणे येताना घेऊन येतात आणि जाताना उशीखाली विसरून जातात. त्यांत रत्नागिरी शहराचा मजकूर बहुतेक एकाच साच्यातला असतो. सकाळी साडेनऊला थिबा राजवाडा, मग टिळकांचं जन्मस्थान, मत्स्यालय, वेळ उरल्यास भगवती किल्ला, म्हणजे रत्नदुर्ग, आणि दुपारच्या जेवणाला गणपतीपुळे. चार ठिकाणं, दोन-अडीच तास, आणि त्यातच बस लावायला जागा शोधणं. टिळक आळीत मोठी बस नेणं म्हणजे काय, हे पत्रकात कुणी लिहीत नाही. ते ड्रायव्हरला विचारा.

तरी बरं, तुम्ही निदान शहरात येता. बाकीचं जग हातखंब्याच्या तिठ्यावरून सरळ गोव्याकडे जातं. जिल्ह्याचं ठिकाण, २०११ च्या जनगणनेत पाऊण लाखाच्या वर वस्ती, पश्चिमेला अरबी समुद्र, दक्षिणेला काजळी नदीची भाट्ये खाडी, उत्तरेला शिरगाव-साखरतरची खाडी आणि पाठीशी जांभ्याचा सडा. एवढं सगळं असूनही आम्हाला दर मोसमात तोच प्रश्न येतो: “रत्नागिरीत राहायचं कशाला? तिथे बघायला आहे काय?”

आधी माझा स्वार्थ सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी शोधून काढायला नको. आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत. शहरातला मुक्काम वाढला तर माझा फायदा आहे. पण त्या खोल्या मे महिन्यात आणि दिवाळीत तशाही भरतात. पत्र लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणाने. पाहुणा आला की मी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघते, तुमचा टूर मॅनेजर मात्र घड्याळ बघतो. या शहराची सहल ठिकाणांची यादी करून आखता येत नाही. तिथी आणि महिना बघून आखावी लागते. ते केलंत तर दोन तासांचं गाव तुम्हाला दोन मुक्कामांतही पुरणार नाही.

भरतीची वेळ काढायला आमच्याकडे मोबाइल लागत नाही. तिथीला पाऊणने गुणायचं, झालं. चतुर्थी असेल तर तीन: दुपारी तीनच्या आसपास आणि मध्यरात्रीनंतर तीनच्या आसपास समुद्र पूर्ण भरलेला. अष्टमीला सहा: सकाळी सहा, संध्याकाळी सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. त्यापुढे साधारण सहा तासांनी ओहोटी. थोडंफार इकडेतिकडे होतं, पण सहल आखायला एवढं पुरतं. मासेमारांना आणि खाडीत मुळे, म्हणजे शिंपले, काढायला उतरणाऱ्या बायकांना हा हिशेब तोंडपाठ असतो. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला उधाण, म्हणजे पाणी चढतं जास्त आणि उतरतंही जास्त. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे दोन्ही बेताचं.

आता हे गणित तुमच्या पत्रकाला लावा. ‘सायंकाळी मांडवी किनाऱ्यावर सूर्यास्त.’ कुठल्या तिथीला? अष्टमीला आणाल तर सूर्य बुडताना पाणी नेमकं वर आलेलं असतं आणि मांडवीला चालायला फारसा किनाराच उरत नाही. मंडळी बसमधून उतरतात, कमानीपाशी फोटो काढतात, भेळ खातात आणि “बीच लहानच आहे हो” म्हणून पुन्हा बसमध्ये चढतात. तीच मंडळी त्रयोदशी ते द्वितीया या दिवसांत आणून बघा. ऊन कलतं तसं पाणी मागे हटत जातं, धक्क्याच्या बाजूचे खडक उघडे पडतात, त्यांच्या खळग्यांत खेकडे आणि छोटे मासे अडकून राहतात, आणि ओल्या वाळूवर सूर्यास्त दोनदा दिसतो, एकदा वर, एकदा खाली. त्यासाठी तिकीट नाही, माहितीफलक नाही, वेगळी व्यवस्थाही नाही. फक्त तारीख बरोबर हवी.

मांडवीची वाळू काळी आहे, म्हणून तिला आम्ही काळा समुद्र म्हणतो. तो काळेपणा घाणीचा नव्हे, हे मात्र पर्यटकांना कुणी सांगत नाही. गटारातलं पाणी मिसळलं असेल अशा चेहऱ्याने लोक चपला हातात धरून चालतात. सह्याद्रीच्या काळ्या खडकातली लोहयुक्त खनिजं, इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट, झिजून नद्यांबरोबर खाली येतात. ती जड असतात, त्यामुळे लाट हलकी वाळू ओढून नेते आणि ही मागे राहतात. रत्नागिरीच्या आसपासच्या उपसागरांत, काळबादेवीला विशेष करून, इल्मेनाइटचे साठे आहेत आणि भूवैज्ञानिकांनी त्यांचा अभ्यास केलेला आहे. पाहुण्यांबरोबर मुलं असली की मी त्यांना एक साधा लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून देते. कोरड्या वाळूवरून तो फिरवला की पिशवीला काळी मिशी फुटते. चुंबक पिशवीतून बाहेर काढला की सगळी मिशी खाली गळते. पुन्हा फिरवायचा. आईवडील कंटाळतात, मुलं उठत नाहीत.

मग त्याच मुलांना किल्ल्याच्या उत्तरेला पांढऱ्या समुद्रावर न्यायचं आणि तोच चुंबक तिथे फिरवायला द्यायचा. वाळू पांढरी, मिशी विरळ. मध्ये अंतर केवढं? एक रत्नदुर्गाचा डोंगर. एका अंगाला काळा समुद्र, दुसऱ्या अंगाला पांढरा, आणि हे शहराच्या हद्दीत. कुठल्या पत्रकात हे वाचल्याचं मला आठवत नाही.

रत्नदुर्ग तुमच्या यादीत ‘वेळ उरल्यास’ असतो. तो कधीच उरत नाही. घोड्याच्या नालाच्या आकाराचा हा किल्ला तीन बाजूंनी समुद्रात घुसलेला आहे. एका टोकाला भगवतीचं देऊळ, दुसऱ्या टोकाला दीपस्तंभ. तटावरून चालत गेलं तर खाली मिरकरवाडा बंदर, रांगेने लागलेल्या नौका, पलीकडे मिऱ्याचा डोंगर, आणि पाठ फिरवली की मांडवी आणि भाट्ये. शहराचा भूगोल एवढा नीट कुठून दिसत असेल तर तो इथूनच, म्हणून मी तर म्हणेन की सहलीची सुरुवातच इथे करा. देवळापाशी उतरून दर्शन घेऊन परत, एवढ्यासाठी घाट चढायला नको. उन्हाळ्यात दुपारी मात्र नेऊ नका, सावली नाही.

मिऱ्याचं सांगायचं तर ते सुंदर म्हणून दाखवायला नको, खरं म्हणून दाखवा. तिथला समुद्र जमीन खातोय. किनाऱ्यावर दगडांचे बंधारे घातले, पावसाळ्यात ते खचले, पुन्हा घातले. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात ‘बसरा स्टार’ नावाचं जहाज भरकटून या किनाऱ्याला लागलं आणि वर्षानुवर्षे तिथेच गंजत राहिलं. पर्यटकांनी त्याच्यासमोर सेल्फी काढले. त्यात काही गैर नाही, पण ज्यांच्या परसात उधाणाचं पाणी येतं ती घरंही तिथून दिसतात. तुमच्या वाटाड्याने त्यांच्याबद्दल दोन वाक्यं सांगितली तर कुणाचा सूर्यास्त बिघडणार नाही.

भरतीचं गणित केवळ सौंदर्यापुरतं नाही. आता जे लिहिते ते बाकी काही वाचलं नाहीत तरी वाचा. तुमच्या बऱ्याच बसेस संकष्टीला गणपतीपुळ्याला असतात. संकष्टी म्हणजे चतुर्थी, म्हणजे भरती दुपारी तीनच्या सुमाराला. लोक सकाळी रांगेत उभे राहतात, दर्शन घेतात, प्रसाद घेतात, जेवतात, आणि साडेतीन-चारला समुद्रात उतरतात. समुद्र त्या वेळी भरलेला, जवळ आलेला, आमंत्रण दिल्यासारखा दिसतो. आणि नेमकं तेव्हाच पाणी परतायला लागतं. पुळ्याचा आणि आरे-वाऱ्याचा किनारा उताराचा आहे, पाण्याला ओढ आहे, आणि मैदानावर वाढलेल्या माणसाला ती ओढ घोट्याला जाणवेपर्यंत तो कमरेइतक्या पाण्यात गेलेला असतो. या दोन किनाऱ्यांवर माणसं बुडाल्याच्या बातम्या आम्ही दरवर्षी वाचतो. किनाऱ्यावर धोक्याचे फलक आहेत, जीवरक्षक शिट्ट्याही मारतात. पण चाळीस माणसांना “आज चतुर्थी आहे, जेवण झाल्यावर कुणी गुडघ्याच्या पुढे जायचं नाही” हे बसमध्ये माइकवर सांगू शकतो तो फक्त तुमचा माणूस. त्याला ते माहीत असायला हवं. अंताक्षरी पाच मिनिटं उशिरा सुरू झाली तर चालेल.

समुद्रावर पुष्कळ झालं. तुम्ही ज्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही त्या सड्याबद्दल आता लिहिते.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार. स्टेशनवरून शहरात येताना, पावसला जाताना, निवळी घाट उतरायच्या आधी जे उजाड, काळपट-तांबडं माळरान दिसतं ते. एप्रिलमध्ये त्यावर पाय ठेववत नाही. सातबाऱ्यावर त्याला पोटखराबा म्हणतात आणि बाहेरचा माणूस त्याला ‘काही नसलेली जागा’ म्हणतो. जूनमध्ये पहिले चार पाऊस झाले की याच कातळाच्या भेगांतून दीपकाडी वर येते. पांढरी, लांब देठाची, वाऱ्यावर डोलणारी फुलं. तिचं शास्त्रीय नावच ‘डिपकॅडी कोंकनेन्स’. कोकणाबाहेर ती जगात कुठे आपणहून उगवत नाही. आणि ती बघायला जंगल तुडवावं लागत नाही, शहराच्या कडेच्या सड्यावर रिक्षाने जाता येतं. पंधरा-वीस दिवसांत खेळ संपतो. मग जुलै अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत गेंद, तेरडा, कवला, आणि पाण्याच्या पातळ थरात उभी असलेली निळी-जांभळी सीतेची आसवं. ही शेवटची मंडळी मांसाहारी बरं का. कातळात नत्र मिळत नाही, म्हणून मुळाशी असलेल्या बारीक फुग्यांत सूक्ष्म जीव पकडून पोट भरतात. श्रावणात ज्यांचा उपास असतो अशा पाहुण्यांना हे सांगायला मला विशेष आवडतं.

कासला जाऊन लोक रांगा लावतात, पैसे भरतात, तासभर ट्रॅफिकमध्ये बसतात. कास सुंदरच आहे, वाद नाही. पण इथल्या सड्यावर तेव्हा गुराख्याशिवाय कुणी नसतं.

आणि इथे मला तक्रार करायची आहे. तुमच्यापैकीच कुणाची तरी, कुणाची ते लिहीत नाही, एक टेम्पो ट्रॅव्हलर गेल्या काही वर्षांत एका ऑगस्टमध्ये मी सड्यावर पाहिली. रस्ता सोडून थेट फुलांत नेलेली. माणसं पायाला चिखल लागू नये म्हणून गाडीतूनच फोटो काढत होती. ओल्या सड्यावर चाक गेलं की ती माती, असेल नसेल ती इंचभर माती, वाहून जाते आणि त्या पट्ट्यात पुढच्या वर्षी काही उगवत नाही. मी ड्रायव्हरला बोलले. तो म्हणाला, “ताई, इथे काय आहे? नुसता कातळ आहे.” त्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याला पत्रकात तेच सांगितलेलं होतं, किंवा काहीच सांगितलेलं नव्हतं. गाडी डांबरावर ठेवा, माणसांना पावसाळी चपला घालून उतरवा, दहा-दहाच्या गटाने चालवा. बाकी काही नको.

त्याच कातळावर कातळशिल्पं आहेत. उक्षीचा हत्ती, जांभरूण, निवळी, आणि राजापूर तालुक्यात कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, देवीहसोळ, बारसू. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरून, गुराख्यांना विचारून, कित्येक वर्षं ती शोधत आणि नोंदवत राहिले. २०२२ मध्ये कोकणातल्या नऊ कातळशिल्प-स्थळांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला. त्यातली सात रत्नागिरी जिल्ह्यात, एक सिंधुदुर्गात कुडोपीला, एक गोव्यात. कशेळीचा हत्ती साधारण अठरा मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात, पाठीवर, पायांत इतर प्राणी आणि मासे कोरलेले आहेत. आज कोकणात नसलेला गेंडा कुठेकुठे दिसतो. कुणी कोरली, केव्हा कोरली, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. काही हजार वर्षांपूर्वीची, एवढं म्हणून थांबावं. तुमच्या वाटाड्यांना विनंती की परग्रहवासी, पांडव आणि खजिना या तिन्ही गोष्टी बसमध्येच ठेवाव्यात.

कातळशिल्पं दुपारी दिसत नाहीत, हे मात्र नक्की सांगा. खाचा उथळ आहेत. सूर्य डोक्यावर असला की सगळा कातळ सपाट दिसतो आणि माणसं त्यावरूनच चालत “कुठाय हो हत्ती?” असं विचारतात. सकाळी नऊच्या आत किंवा साडेचारनंतर तिरकं ऊन पडतं, खाचेच्या एका काठाला सावली धरते आणि सोंड, कान, पाय एकेक करत वर येतात. उक्षीला गावकऱ्यांनी शिल्पाभोवती कठडा केला आहे आणि वरून बघायची सोय आहे, म्हणून पहिल्यांदा येणाऱ्याला तिथेच न्यावं. इतर ठिकाणी गावातला माणूस बरोबर घ्या आणि त्याला त्याचे पैसे द्या. खडूने, चुन्याने, रांगोळीने रेषा ठळक करून फोटो काढणं बंद करा.

थिबा राजवाडा वगळा असं मी म्हणत नाही. १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेश घेतला, तिथल्या राजा थिबाला पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणून ठेवलं, आणि हा वाडा पुरा व्हायला १९१० साल उजाडलं. त्यात तो जेमतेम सहा वर्षं राहिला. डिसेंबर १९१६ मध्ये इथेच वारला. त्याची समाधी शिवाजीनगर भागात आहे, तिथे मात्र कुणी नेत नाही. २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला येऊन ती पाहून गेले. त्यांना वेळ मिळाला. राजवाड्यात जायचं तर दुपारचं जा, आत गार असतं, आणि बाहेर पडून थिबा पॉइंटला जा. तिथून काजळी नदी समुद्राला मिळताना दिसते, भाट्याचा पूल, राजिवड्याच्या नौका, सुरूचं बन, सगळं एका नजरेत. खाडीच्या तोंडाशी गाळाचा पट्टा दिसेल. ओहोटीला नौका तिथे अडतात आणि राजिवड्याच्या मासेमारांची ही फार जुनी रड आहे.

भाट्याला उतरलात तर किनाऱ्यावरून थेट टोकाच्या झरी विनायकापर्यंत चालत जा. वाळू घट्ट आहे, ओहोटीला तर सायकलही चालते. रस्त्याच्या पलीकडे कोकण कृषी विद्यापीठाचं नारळ संशोधन केंद्र आहे. बागायतीत रस असलेली माणसं तिथून हलत नाहीत. हिवाळ्यात किनाऱ्यावर कुरवांचे थवे उतरतात, आणि डोळा स्थिर ठेवला तर पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड मासा घेऊन सुरूच्या दिशेने जाताना दिसतो.

महिन्यांचं थोडक्यात सांगते. नोव्हेंबर-डिसेंबरात काही रात्री लाटा फुटताना निळसर उजळतात, सूक्ष्म जीवांमुळे. त्याची हमी कुणी देऊ शकत नाही, म्हणून पत्रकात छापू नका. पण मुक्काम असेल तर रात्री जेवण झाल्यावर दिवे नसलेल्या किनाऱ्यावर एक चक्कर मारायला काय जातं? हिवाळा लागला की ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वेळास आणि आंजर्ल्याचं नाव झालंय, पण पावसच्या पुढे, पूर्णगडची खाडी ओलांडली की गावखडी आहे, तिथेही घरटी होतात आणि वन विभाग व गावकरी मिळून ती जपतात. पिल्लं सोडण्याची वेळ निसर्ग ठरवतो. फ्लॅश मारायचा नाही, पिल्लू हातात धरायचं नाही, आणि पिल्लं नसली तर पैसे परत मागायचे नाहीत. गावखडीहून तसंच पुढे गेलं की कशेळी, म्हणजे कनकादित्याचं देऊळ आणि तो हत्ती. एका दिवसाची सहल झालीच की.

मार्चच्या मध्यापासून आंबा. तेव्हा तुम्ही येताच, त्याबद्दल मी काय सांगू. फक्त एकदा लोकांना बागेत न्या, पेटीच्या दुकानात नको. घळ, म्हणजे आंबा उतरवायची जाळीची काठी, कसा लावतात, देठ का ठेवतात, आढीत गवत कसं घालतात हे बघितलेला माणूस पुन्हा भावावरून हुज्जत घालत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, माशांच्या विणीचा काळ. तेव्हा ‘ताज्या माशांची मेजवानी’ जाहिरातीत लिहू नका. ताटात पडतो तो बर्फातला किंवा बाहेरगावचा. त्या दिवसांत खाडीतले मुळे, खेकडे, कुळथाचं पिठलं, फणसाच्या आठळ्या, सुकटीची चटणी यांवर आमची घरं मजेत चालतात. तुमचीही माणसं जगतील.

मिरकरवाड्याच्या लिलावाला न्यायचं असेल तर जरूर न्या, पण चार-पाच जणांना. तिथे पाटीवर पाटी चाललेली असते, बर्फाचं पाणी पायाखाली, ओरडून बोली चाललेली. नाकाला रुमाल लावून मध्ये उभं राहायचं नाही. फोटोआधी विचारायचं. मासे विकणाऱ्या मावशींना अरे-तुरे करायचं नाही. एकदा त्यांनी उत्तर दिलं की तुमच्या बसमधलं कुणी दिवसभर बोलणार नाही, हेही लक्षात घ्या.

तुमच्या अडचणी मला ठाऊक नाहीत असं नाही. मुंबई-गोवा रस्त्याने आमचीही कंबर मोडली आहे. पण कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावते आहे. स्टेशन शहराबाहेर कुवारबावच्या बाजूला पडतं, पण रिक्षा मिळतात, शहरात एसटीच्या बस फिरतात. गट रेल्वेने आणा, स्थानिक छोट्या गाड्या करा. पन्नास आसनी बस आमच्या आळ्यांत मावत नाही आणि सड्यावर तर नकोच. किनाऱ्यांवर स्वच्छतागृहं पुरेशी नाहीत, बायकांचे हाल होतात, हेही खरं. त्याबद्दल आम्ही इथे अर्ज करत असतो. तुम्हीही करा, तुमच्या अर्जाला पर्यटकांच्या संख्येचं वजन आहे, आमच्या अर्जाला फक्त आवक क्रमांक मिळतो.

“लोकांना गोवाच हवा असतो” असं तुमच्यातले एक गृहस्थ मला फोनवर म्हणाले. असेल. ज्यांना गोवा हवा त्यांना गोव्यालाच न्या, त्यांना इथे आणून आमच्या किनाऱ्याला गोवा करू नका. मी तुमच्याकडे सगळी गर्दी मागत नाही. वर्षातून पाच-सहा सहली मागते, वीस-पंचवीस माणसांच्या, दोन मुक्कामांच्या, तारीख बघून आखलेल्या.

म्हणजे कशा, ते एक सांगते. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी रत्नागिरीत उतरा. थिबा राजवाडा, थिबा पॉइंट, आणि संध्याकाळी ओहोटीला मांडवी. दुसऱ्या दिवशी पहाटे मिरकरवाडा, सकाळी रत्नदुर्ग आणि पांढरा समुद्र, ऊन चढलं की मत्स्यालय. झाडगावच्या या मत्स्यालयात देवमाशाचा सांगाडा आहे, तो मोठ्यांनाही गप्प करतो. दुपारी टिळकांचं घर आणि १९३१ मध्ये उभं राहिलेलं पतितपावन मंदिर. साडेचारनंतर कातळशिल्पं किंवा, पाऊस असेल तर, सडा. तिसऱ्या दिवशी सागरी रस्त्याने आरे-वारे करत मालगुंड, केशवसुतांचं गाव, आणि मग तुमचं गणपतीपुळे. त्या दिवशी प्रतिपदा असेल, भरती दुपारी बाराच्या सुमाराला. माइकवर काय सांगायचं ते वर लिहिलंय.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक रत्नागिरीकर

ता. क. : परतताना हमरस्त्यावर बस थांबवून ‘रत्नागिरी हापूस’ घेऊन देता, तो जरा वास घेऊन घ्या. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी पेटीवर काय छापायचं ते छापणाऱ्याच्या हातात राहिलं आहे. फेब्रुवारीच्या सुरुवातीला रस्त्यावर ढिगाने आणि स्वस्तात मिळणारा आंबा आमच्या बागेतला नसतो. आमच्या झाडावर तेव्हा कैरी असते.